खाली दुकान, वर बिऱ्हाड

पुण्याच्या रविवार पेठेत जुनं घर बघायचं तर मान वर करावी लागते. खाली काचेचं शोकेस. वर सागवानी खांब, नक्षीदार कठडा, मंगळुरी कौलं. कौलं मात्र पेशवाईतली नव्हेत. बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला तो १८६५ साली. जुन्या दुकानाला दार फळ्यांचं: एकेक फळी खाचेत सरकवायची, शेवटचीला कुलूप. आत गादी, मागे कोठी. घरच्यांची वाट बाजूच्या बोळातून चौकात आणि तिथून माडीवर. जिना इतका उभा, की दोर धरूनच चढावं. १९६१च्या पानशेत पुरात नदीकाठच्या पेठांतले मातीत रचलेले कितीतरी वाडे बसले. उरलेल्यांना पुनर्विकासाने गाठलंय. या अंकात दुकानांच्या पाट्यांमागे दडलेलं लाकूडकाम आहे. पाट्यांबद्दलचं आमचं मत छापण्याजोगं नाही.