पोरगी कॉन्व्हेंटला आहे!

आमच्या कर्जत-खालापूर पट्ट्यात 'कॉन्व्हेंट' म्हणजे शाळा. टाय, बूट, सकाळची रिक्षा आणि 'आमची पोरगी कॉन्व्हेंटला आहे' असं सांगताना ताठ होणारी बापाची मान. लग्नाच्या जाहिरातीतही 'कॉन्व्हेंट एज्युकेटेड' हवी असते! पण कॉन्व्हेंट म्हणजे मुळात नन्सचं घर, हे कुणाच्या गावीही नसतं. असं अस्सल घर बघायचं तर शुक्रवारी ऑफिस उरकून पनवेल गाठा, रात्रीची कोकणकन्या पकडा आणि सकाळी करमळीला उतरा. ओल्ड गोवा तिथून जवळच.

सगळी पब्लिक बॉम जीझसच्या रांगेत असते. तुम्ही मात्र टेकडीचा चढ धरा. सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्यासमोर एक अवाढव्य तीन मजली वास्तू दिसेल. हेच सान्ता मोनिका. आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांनी १६०६ मध्ये सुरुवात केली, १६२७ मध्ये काम पुरं झालं. पूर्वेकडचं नन्सचं हे पहिलं कॉन्व्हेंट मानतात. १६३६ मध्ये आग लागली, तर पुढच्याच वर्षी पुन्हा उभं!

लांबून किल्लाच वाटतो. आपल्याकडे काळा कातळ, इथे जांभा. भिंतींना बाहेरून टेकू दिल्यासारखे भलेथोरले दगडी धिरे. आमच्याकडे 'पोर्तुगीज व्हिला' म्हणून जे प्लॉट खपवतात ना, त्यांनी या भिंतीला एकदा हात लावून बघावा.

पण मला खरं अडवलं ते चॅपलच्या दारानं. नेहमीच्या चर्चमध्ये मुख्य दार वेदीच्या बरोब्बर समोर असतं. इथे ते बाजूच्या भिंतीत आहे. कारण वेदीसमोरचं टोक नन्सचं. तिथे त्यांची गाण्याची, प्रार्थनेची जागा आणि मध्ये जाळी. त्यांना मिस्सा दिसणार. बाहेरच्यांना फक्त त्यांचं गाणं ऐकू येणार. अख्खं डिझाइन एका अटीवर बेतलेलं: बाई दिसता कामा नये.

आत कोण जायचं? बऱ्याचशा बड्या पोर्तुगीज घराण्यांतल्या मुली. तेही हुंडा घेऊन! काळं शिरोवस्त्र वरच्या दर्जाचं, पांढरं खालच्या. इथल्या मुलींच्या वाट्याला सुरुवातीला पांढरंच. शहराची सिनेट राजाकडे तक्रार करायची की, हे कॉन्व्हेंट श्रीमंत मुली आणि पैसा दोन्ही गिळतंय. याच मेनेझिसनी अनाथ मुलींसाठी एक आणि 'पश्चात्तापी' बायकांसाठी एक अशी आणखी दोन घरं काढली. प्रत्येक बाईसाठी वेगळा कप्पा. एक मात्र आहे, आतला कारभार बायकाच बघायच्या आणि आपली प्रमुख स्वतः निवडायच्या. १७व्या शतकात बाहेर किती जणींना हे मिळत होतं?

त्याच १६३६ मध्ये इथल्या क्रूसावरच्या येशूनं डोळे उघडले, काट्यांच्या मुकुटातून रक्त ठिबकलं, असं नन्सनी सांगितलं. त्या क्रूसासाठी भाविक अजूनही येतात.

१८३४ मध्ये पोर्तुगालनं पुरुषांचे धर्मसंघ बंद केले. समोरचे ऑगस्टिनियन साधू गेले आणि १८४२ मध्ये त्यांच्या चर्चचं छत कोसळलं. नन्सना राहू दिलं, पण नव्या मुलीला प्रवेश बंद. म्हणजे हाकलायचं नाही, फक्त संपायची वाट बघायची! राजधानी पणजीला गेली, शहर ओस पडलं, शंभर जणींसाठी बांधलेल्या घरात एकेक खोली रिकामी होत गेली. शेवटची नन १८८५ मध्ये वारली. पन्नास वर्षं लागली. जाळीमागचं गाणं दरवर्षी थोडं बारीक होताना त्यांना स्वतःला ऐकू येत असणार, हे काही माझ्या डोक्यातून जात नाही.

१९६४ पासून इथे मातेर देई इन्स्टिट्यूट आहे, देशभरातल्या नन्स शिकायला येतात. म्हणजे कॉन्व्हेंटमध्ये शाळा आलीच की! ख्रिश्चन कलेचं म्युझियमही राशोल सेमिनरीतून इथे हललं आणि २०२२ मध्ये नव्या रूपात उघडलं. त्याला निवांत दोन तास द्या. चॅपलमध्ये प्रार्थना चालू असेल तर कॅमेरा बॅगेत.

आणि परतताना बिबिंका घ्या. ती पहिल्यांदा केली याच कॉन्व्हेंटमधल्या बेबियाना नावाच्या ननने, अशी दंतकथा आहे. अंड्यातल्या पांढऱ्यानं कपड्यांना खळ करायची आणि उरलेल्या पिवळ्याचं गोडधोड! डाएटवाल्यांनी निदान एक थर तरी खावाच.