अंगणांतील अभयारण्य

सांगली जिल्ह्यांतील सागरेश्वर अभयारण्य १९८५ सालीं घोषित झालें. त्या उजाड डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनीं लोकांच्या साहाय्यानें झाडें वाढविलीं. आज तेथें चितळ व सांबर नांदतात.

सर्वांस डोंगर लाभत नाहीं. परंतु अंगण किंवा शाळेचें आवार असतेंच. तेथें शोभेसाठीं आपण मादागास्करचा गुलमोहर लावतों. त्याच्या शेजारीं उंबर व कढीलिंब कां नसावेत? उंबराचीं फळें पांखरांचें अन्न होत. कढीलिंबाच्या पानांवर फुलपांखरांचे सुरवंट पोसतात.

विद्यार्थिमित्रहो, रोप लावणें हा एका दिवसाचा समारंभ; दोन उन्हाळे त्यास पाणी घालणें हेंच खरें कार्य. सुटींत तें पालकांनीं पत्करावें, ही विनंती.