पाळी चुकते, पण पिशवी का काढायची?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांचा प्रश्न २०१९ साली गाजला, हे तुमच्या लक्षात असेल. ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्या सगळ्यांना एकच आजार होता असे नव्हे. पण पाळीची तक्रार म्हटली की पिशवी काढून मोकळे व्हायचे, ही समजूत खेड्यापाड्यांत रुजली आहे. ती आता पीसीओएस झालेल्या पोरींच्या मुळावर येऊ नये.

दोन-दोन, तीन-तीन महिने पाळी येत नाही, हनुवटीवर राठ केस येतात, तोंडावर मुरूम, मानेवर काळा पट्टा, वजन वाढते. घरचे म्हणतात, लग्न झालं की होईल नीट. तसे ते होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातील शंभरांत तेरापर्यंत बायकांना हा विकार असतो, आणि पुष्कळजणींना त्याचा पत्ताच नसतो.

याचे मूळ गर्भपिशवीत नाहीच. शरीराला इन्शुलिन नीट लागू पडत नाही, म्हणून ते वाढते. बीजकोशात पुरुषी हार्मोन जादा तयार होते आणि बीज वेळेवर सुटत नाही. सोनोग्राफीत दिसतात त्या 'गाठी' म्हणजे बीजाच्या अर्धवट वाढलेल्या पुटकुळ्या. त्या कापून काढायच्या नसतात. पिशवी काढली तर पाळी थांबेल, मूल होण्याची वाट बंद होईल, पण विकार आणि मधुमेहाचा धोका तसाच राहील. नुसत्या सोनोग्राफीवरून कोणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

विकार मुळासकट जात नाही, आटोक्यात राहतो. वजन जास्त असेल तर पाच टक्के उतरले, म्हणजे सत्तर किलोच्या बाईचे साडेतीन किलो, तरी पाळीत फरक पडू शकतो. उपास नकोत. भाकरी, उसळ, पालेभाजी घरचीच आहे. गोड चहा, बिस्किटं, फरसाण तेवढं कमी करा. 'रानात राबते की ती' म्हणाल, पण कॉलेजची पोरगी आता रानात कुठं असते? सडपातळ मुलीलाही हे होते, तेव्हा वजनावरून टोमणे नकोत. तीन महिने पाळी आली नाही तर अंगावर काढू नका. पिशवीचे अस्तर जाड होत जाते, ते पुढे घातक ठरू शकते. थायरॉईड, साखर तपासून डॉक्टर गोळ्या देतात. मूल होत नसेल तर बीज सुटण्याच्या गोळ्यांनीही अनेकींना दिवस राहतात.

आता सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी थोडे बोलायचे आहे. उपकेंद्रात साखर तपासतात ती तिशीपुढच्यांची. हा विकार सुरू होतो पंधरा-सोळाव्या वर्षी. मधल्या वर्षांत मुलगी बहुधा कुणाच्याच वहीत नसते. गावच्या आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीच्या बैठकीत हा विषय घ्या. तीन महिने पाळी न आलेल्या मुलीला आशाताईंनी ग्रामीण रुग्णालयात न्यावे, अशी सोय लावून द्या. नाव मात्र चावडीवर येऊ देऊ नका. एकीची सोयरीक मोडली की दुसरीला घरचे पाठवणार नाहीत.