अडलेला बोल्ट आणि तीन दिवसांचा सब्र

जुनी गाडी दारात उभी असलेली घरं अजून पुष्कळ आहेत. कुठे अब्बांनी घेतलेली मारुती ८००, कुठे दादाजानच्या वेळची कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईतून ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाडीची नोंदणी पुन्हा करायची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेली. त्यात गॅरेजने इंजिन उघडायची मजुरी सांगितली की घरातला मुलगा म्हणतो, "अब्बा, मीच खोलतो." अब्बा गप्प बसतात, कारण एक हेड फुटलं तर गाडी भंगारात जाणार हे त्यांना ठाऊक असतं.

आमचं मत असं की खोलू द्यावं. पण कुठे थांबायचं हे आधी ठरवून.

नौपाड्यात हे काम सोसायटीच्या आवारात, दोन स्कूटरांच्या मधल्या जागेत करावं लागतं. गाडी चार पावसाळे ताडपत्रीखाली उभी असेल तर आत दमट हवा कोंडते, आणि खाडीकाठच्या शहरात ती काही कमी दमट नसते. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. आट्यांमधली फट गंजाने ठासून भरते. त्याहून वाईट म्हणजे अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये बसलेला पोलादी बोल्ट. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल, की पांढरी भुकटी धरते आणि दोघांना जखडून टाकते. तिथे ताकद लावली तर बोल्टचं डोकं तुटतं, नाहीतर हेडचे आटे निघून येतात. नव्या मुलांचा नव्वद टक्के राग इथेच वाया जातो, असं आमच्या ओळखीचे एक जुने उस्ताद गमतीने म्हणतात.

त्यांच्या शागिर्दांना ते पहिली गोष्ट शिकवतात ती पाना नव्हे, तारेचा ब्रश. बोल्टभोवतीची माती आणि गंज घासून काढा, नाहीतर तेल आत शिरणार कुठून? मग पेनिट्रेटिंग स्प्रे मारा. तो नसेल तर एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं काचेच्या बाटलीत हलवून थेंब-थेंब सोडा. अॅसिटोन पटकन पेट घेतं, म्हणून बाटली स्वयंपाकघरात आणू नका. जुमेरातीला तेल टाका, जुम्म्याला पुन्हा टाका, दरम्यान बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्या, आणि पाना लावा रविवारी. ठोक्याने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल त्यातून खाली उतरतं. रात्री दहानंतर ठोकू नका, शेजाऱ्यांचाही हक्क आहे.

पाना सहा कोनांच्या गोटीचा घ्या. बारा कोनांची गोटी गंजलेल्या डोक्यावरून घसरते आणि कोन गोल करून टाकते. चांगली जुनी गोटी नागदेवी स्ट्रीटवर किंवा चोर बाजारात मिळते. आधी बोल्ट केसभर घट्ट करून पाहा, मग सैल करा. हलला की एकदम फिरवत सुटू नका. पाव फेरा मागे, थोडा पुढे, मध्ये तेल. कुरकुर आवाज आला तर थांबा. स्पार्क प्लग तर इंजिन थंड असतानाच काढा, गरम अॅल्युमिनियमचे आटे प्लगबरोबरच बाहेर येतात.

उष्णतेचा उपाय मोठा आहे आणि धोक्याचाही. तापल्यावर अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून पोलादी बोल्टभोवतीचं हेड तापवलं की पकड ढिली होते. पण लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं. अॅल्युमिनियम सांगत नाही. ६६० अंशांना ते तसंच, रंग न बदलता वितळतं. म्हणून हेडवर गॅसची ज्योत घरी लावूच नका. हॉट एअर गन किंवा उकळतं पाणी पुरतं. लोखंडी मॅनिफोल्डच्या नटावर ज्योत चालेल, पण आधी बॅटरी सोडवा, पेट्रोलची नळी आणि कार्ब्युरेटर काढून दूर ठेवा. नट गरम असताना मेणबत्ती टेकवा, वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं.

क्रँकच्या पुलीचा बोल्ट इंजिन गाडीत असतानाच सैल करून घ्या. टॉप गिअर टाका, धाकट्याला ब्रेकवर बसवा आणि लांब दांडा लावा. पाना टेकवून स्टार्टर मारायची युक्ती काही लोक सांगतात. तिने मनगटं मोडतात, ती करू नका.

हेडचे बोल्ट दोन्ही टोकांकडून मधल्याकडे, प्रत्येकी पाव फेरा असे सोडा, नाहीतर हेड वाकतं. सगळे निघाले तरी हेड उचलत नसेल तर आधी मोजा. पुष्कळदा एखादा बोल्ट काजळीखाली लपलेला असतो. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, त्या ओरखड्यातून पुढे पाणी गळतं. बाहेर आलेल्या कडेला लाकडाचा ठोकळा लावून खालून ठोका. पिस्टनच अडकला असेल तर प्लगच्या भोकातून तेच तेल ओता आणि आठवडा जाऊ द्या.

काढलेला प्रत्येक बोल्ट अंड्यांच्या ट्रेमध्ये, शेजारी चिठ्ठी, आणि मोबाईलवर फोटो. हे काम घरातल्या मुलींकडे द्या, त्या आमच्यापेक्षा नीट करतात. काळं तेल गटारात नाही, डब्यात भरून गॅरेजवाल्याला.

इतकं करूनही बोल्ट तुटला आणि वर पकडायला काही उरलं नाही, तर घरचं काम तिथे संपलं. तुटक्या बोल्टमध्ये घातलेला इझी-आउट आत मोडला तर तो इतका कडक असतो की साधा ड्रिल त्याला चावत नाही. लेथवाला तुटक्या तुकड्यावर नट वेल्ड करून तो बाहेर काढतो, त्याला ते रोजचं आहे. हेड उचला, गोणपाटात गुंडाळा आणि रिक्षा करा. सीटवर आधी जुना पेपर टाका, नाहीतर गोखले रोडवरच भांडण व्हायचं.