खेळ कुठवर आणि धंदा कुठून?

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर एक मावशी आमच्याजवळ येऊन बसल्या. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. पर्समधून एक कार्ड काढून त्यांनी आमच्या हातात दिले. कार्डावर निळ्या अक्षरांत छापलेले होते, ‘लग्न, वाढदिवस, मिरवणूक. ड्रोन शूटिंगच्या ऑर्डरी घेतल्या जातील.’ खाली मुलाचा फोन नंबर.

“भाऊ, माझ्या पोरानं चोरी केली का?” मावशींनी विचारले.

चोरी केली नव्हती. बचत गटातून चाळीस हजार उचलून त्याने जुना ड्रोन घेतला होता. पाऊण किलो वजनाचा, चांगल्या कॅमेऱ्याचा. दोन-चार लग्ने केली, हप्ते वेळेवर फेडले. जयंतीच्या मिरवणुकीत मंडळाने सांगितले म्हणून ड्रोन उडवला. पोलिसांनी खाली उतरवायला लावला, कागद मागितले. कागद एकही नव्हता. ड्रोन चौकीत जमा झाला. मुलाचे म्हणणे एकच, “मी तर हौसेसाठी उडवत होतो, मंडळाने फक्त पेट्रोलचे पैसे दिले.”

वाचक हो, हा प्रश्न या एका घराचा नाही. आज प्रत्येक वस्तीत एखादा तरी पोरगा आकाशात कॅमेरा उडवतो आहे. त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण आपल्या बापाने घटना लिहिली आणि आपण साधा सरकारी नियम वाचायला कंटाळतो, हे काही बरे नव्हे!

नियम तसा अवघड नाही. केंद्र सरकारने 25 ऑगस्ट 2021 रोजी ड्रोन नियम जाहीर केले. त्यात पहिला प्रश्न वजनाचा आहे. अडीचशे ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’. त्यापुढे दोन किलोपर्यंत ‘मायक्रो’. दोन ते पंचवीस किलो ‘स्मॉल’. त्यावरचे आपल्या कामाचे नाहीत. नॅनो उडवायला वैमानिकाचा दाखला लागत नाही, मग खेळ असो की धंदा. मायक्रोला मात्र दोन वाटा आहेत. धंद्यासाठी नसेल तर दाखला नको, धंद्यासाठी असेल तर हवा. मावशींच्या मुलाचा ड्रोन नेमका याच दोन वाटांवर उभा होता.

मग पेट्रोलचे पैसे म्हणजे धंदा का? त्या एका दिवसापुरते मुलगा वाद घालू शकेल. पण खिशात ऑर्डरीचे कार्ड आणि मागे पैसे घेऊन केलेली लग्ने असताना हौसेची भाषा कोण ऐकणार? आमच्या मते ज्याने कार्ड छापले त्याने दाखला काढायलाच हवा.

आणि दाखला नको म्हणजे बाकी काहीच नको, असे समजू नका. मायक्रो ड्रोनची सरकारी पोर्टलवर नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो, विमाही लागतो. जुना ड्रोन घेताना तो आपल्या नावावर चढवून घ्यावा लागतो, जुनी मोटारसायकल आरटीओत करतो तसा. मुलाला दुकानदाराने बिलसुद्धा दिले नव्हते. फेब्रुवारी 2022 पासून परदेशी तयार ड्रोन आणण्यावर सरकारने बंदी घातली आहे. संशोधन, संरक्षण अशा कामांपुरतीच सूट आहे. तेव्हा ‘बाहेरचा माल, बिल नाही, स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा. एक बारीक गोष्ट राहिली. वजन ड्रोनवर लादलेल्या सामानासकट धरतात. 249 ग्रॅमच्या ड्रोनला पंख्याची जाळी बसवली की तो नॅनो राहत नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. सरकारने आकाशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगात वाटला आहे. हिरव्यात चारशे फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा दोनशे फुटांवर येते. आठ किलोमीटरच्या आत तर जमिनीपासूनच परवानगी हवी, आणि लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीच नाही. आता विचार करा, नागपूरची दीक्षाभूमी सोनेगाव विमानतळापासून किती दूर? घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगर मुंबईच्या विमानतळापासून किती? शिवाय सणासुदीला, मोठ्या गर्दीला पोलीस आयुक्त बंदी हुकूम काढतात, त्यात खेळण्यातला ड्रोनही येतो. मुलाची खरी चूक तिथे झाली. पैसे घेतले की नाही हा मुद्दा नंतरचा. मिरवणुकीच्या आधी मंडळाने लाउडस्पीकरची परवानगी काढली होती. ड्रोनचे कुणाच्या मनातही आले नाही. पकडला गेला तेव्हा मंडळाचे पदाधिकारी बाजूला झाले, हे आम्हाला खटकले आणि आम्ही ते त्यांना तोंडावर सांगितले.

दंडाचे भय मोठे आहे. 2021 च्या नियमांत कमाल मर्यादा एक लाख रुपये आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाईला हा आकडा ऐकवताना आमची जीभ अडखळली.

पण दाराला कडी आहे तशी वाटही आहे. दाखल्यासाठी वय अठरा ते पासष्ट, शिक्षण दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेचे प्रशिक्षण एवढेच लागते. 2022 च्या दुरुस्तीनंतर ती संस्थाच हा दाखला देते. पूर्वी पासपोर्ट लागत असे. आपल्यातल्या किती जणांकडे पासपोर्ट असतो? सप्टेंबर 2023 च्या दुरुस्तीने ती अट गेली, आता मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा वाहन परवाना चालतो. दाखला दहा वर्षे टिकतो.

सरकारी फी नाममात्र. खर्च आहे तो प्रशिक्षणाचा, आणि तो हजारांच्या घरात जातो. ज्याला दाखला हवा तोच फी भरू शकत नाही, हे नेहमीचेच दुखणे. बार्टीच्या आणि समाजकल्याण विभागाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

गावाकडच्या भगिनींसाठी ‘नमो ड्रोन दीदी’ योजना आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये मंजूर झाली, पंधरा हजार बचत गटांना ड्रोन द्यायचे ठरले, किमतीच्या ऐंशी टक्के, पण आठ लाखांपर्यंत अनुदान. फवारणीचा ड्रोन वजनदार, तिथे दाखला हवाच, योजनेत प्रशिक्षणही आहे. या योजनेबद्दल आमचे मन दोन्हीकडे ओढते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतमजूर मेले. पाठीवर पंप घेऊन विषात चालणारा माणूस बहुधा भूमिहीन, बहुधा आपलाच. ड्रोनने त्याची फुफ्फुसे वाचतील, पण त्याची रोजीही जाईल. म्हणून त्या ड्रोनचा रिमोट त्याच्याच घरातल्या बाईच्या हातात यावा, अशी आमची इच्छा आहे. गटाच्या बैठकीत हा विषय काढा.

मावशींना आम्ही दोन कामे सांगितली. वस्तीतल्या वकील भाऊंना घेऊन चौकीत जा, जमा केलेल्या मालाची पावती घ्या. आणि ज्याने ड्रोन विकला त्याच्याकडून लेखी बिल मिळवा. दुसऱ्या कामाचे आम्हालाच फारसे खरे वाटत नाही. दुकानदार फोन उचलत नाही असे मावशी सांगत होत्या. गटाचा हप्ता मात्र दहा तारखेला आहे, तो मावशी दोन घरे जास्त धरून भरणार आहेत.

मुलगा लाजून विहाराच्या बाहेरच उभा होता. आम्ही हाक मारली तेव्हा आला, जयभीम घातला. उरलेल्या कार्डांचे काय केलेस, आम्ही विचारले. म्हणाला, “माळ्यावर ठेवलीत, काका. फाडली नाहीत.”