‘मिल्ड्यू’ शास्त्रीय आणि ‘दहिया’ गावंढळ?

१/ यवतमाळच्या कापूसपट्ट्यात कपाशीच्या एका रोगाला ‘दहिया’ म्हणतात. पानांच्या शिरांनी वेढलेल्या कोनाकृती जागांत पांढुरकी भुकटी उमटते. पानावर दही शिंपडल्यासारखे दिसते. पाठ्यपुस्तकात हाच रोग ‘ग्रे मिल्ड्यू’ होतो. पहिले नाव अडाणी, दुसरे शास्त्रीय, असे सर्रास मानले जाते. शब्दाचा इतिहास मात्र उलटी साक्ष देतो.

२/ ‘मिल्ड्यू’ हा हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतला जोडशब्द. ‘मिल’ म्हणजे मध, ‘ड्यू’ म्हणजे दव. पानांवरचा गोड, चिकट थर आकाशातून पडतो, ही प्राचीन युरोपची समजूत. रोमन लेखक प्लिनीनेही ती नोंदवली आहे.

३/ वस्तुतः तो थर म्हणजे मावा, पांढरी माशी यांसारख्या रसशोषक किडींची विष्ठा. मराठी शेतकरी त्याला नुसते ‘चिकटा’ म्हणतो. इंग्रजीत मात्र मधाचे हे नाव मध्ययुगात बुरशीला चिकटले, आणि तिथे ना मध होता, ना दव.

४/ जर्मन भाषेने आपल्या शब्दातला ‘मध’ विसरून त्याचे ‘पीठ’ केले: ‘मेलटाउ’, पिठाचे दव. म्हणजे तिथल्या शेतकऱ्यालाही अखेर पांढरी भुकटीच दिसली. ‘दहिया’ म्हणणाऱ्याची दृष्टी याहून वेगळी नाही.

५/ आणखी एक गोष्ट. इंग्रजीत पावडरी, डाऊनी आणि ग्रे, तिन्ही ‘मिल्ड्यू’च. मराठीत भुरी, केवडा आणि दहिया. यांतील केवड्याचे कारण असलेला सूक्ष्मजीव तर खऱ्या बुरशीच्या कुळातलाही नाही. भुरीवर गंधक चालते, केवड्यावर ते फारसे उपयोगी पडत नाही. भेद कोणत्या भाषेने राखला?

६/ ‘दहिया’ रोगाचे कारण सांगत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण ‘मिल्ड्यू’ही ते सांगत नाही. ते काम १८९० मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅटकिन्सन याने दिलेल्या ‘रामुलारिया अरिओला’ या नावाचे. शास्त्र तिथे आहे. इंग्रजी बोलीत नव्हे.

७/ २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या मृत्यूंचे कारण शब्द नव्हते. पण जिथे एकेक फवारणी जिवावर बेतू शकते, तिथे रोग कोणता हे शेतकऱ्याला त्याच्याच शब्दात कळणे ही चैन नव्हे. सल्लापत्रकातून ‘दहिया’ पुसून ‘मिल्ड्यू’ लिहिणारा शास्त्र आणत नाही. तो एक जुना गैरसमज आयात करतो.