डोलकाठीवरचे तीन झेंडे

युद्धनौकांच्या प्रतिकृती बनवणाऱ्या आपल्याकडच्या हौशी मंडळींना एक सरळ प्रश्न आहे. तुमच्या कपाटात बिस्मार्क आहे, यामातो आहे, हूड आहे. मग ‘नर्मदा’ का नाही?

उत्तर ठरलेले असते : ‘तिचा तयार संच कुठे मिळतो?’ म्हणजे साच्यातले भाग ज्याचे विकत मिळतील तेवढाच इतिहास आपण मांडायचा! साचा कोणाचा काढायचा हे बाजार ठरवतो. बाल्साचे लाकूड मात्र कोणाची बाजू घेत नाही. पातळ फळ्या एकावर एक चिकटवा, आराखड्यावरून पुठ्ठ्याचे छेद कापा, ते लावून बघत तासत जा, सीलर मारून पॉलिश पेपरने घासा. नौकेचे अंग तयार. नर्मदेवर चार इंची सहा तोफा होत्या, तीन जोड्यांत. एक जोडी नीट घडवून सिलिकॉन रबरात साचा घेतला की बाकीच्या रेझिनमध्ये ओतता येतात. 1:200 प्रमाणात सगळी नौका साधारण 46 सेंटिमीटर भरते.

दुसरी सबब : ‘आम्हाला राजकारण नको, फक्त नौका हवी.’ पण बिस्मार्कवर मे 1941 मध्ये करड्या रंगाची कोणती छटा होती यावर हीच मंडळी तासन् तास भांडतात. तारीख निवडल्याशिवाय प्रतिकृती होतच नाही.

मग फेब्रुवारी 1946 निवडा. मुंबई बंदरात नाविकांनी ब्रिटिशांविरुद्ध बंड केले, नर्मदाही त्यात होती. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. बंडखोर जहाजांवर काँग्रेसचा, मुस्लिम लीगचा आणि कम्युनिस्टांचा लाल, असे तिन्ही झेंडे एकत्र चढले. फाळणीनंतर हीच नर्मदा पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि ‘झेलम’ झाली.

आज आमच्याकडे देशभक्तीचा दाखला मागणाऱ्यांना यातला एक झेंडा बघवणार नाही. आमच्यातल्याही काहींना दुसरा नकोसा वाटेल. पण तोफेच्या नळीत अर्ध्या मिलिमीटरची चूक न खपवणाऱ्याने झेंड्यांत सोय बघू नये. तीनपैकी एक जरी गाळला, तर ती प्रतिकृती खोटी.